नांव देणें आणि नांवें ठेवणें

मराठी भाषेंत ‘नांव देणें’ व ‘नांवें ठेवणें’ हे दोन वाक्प्रचार दिसावयास सख्खे भाऊ, परंतु स्वभावानें अगदीं भिन्न आहेत. पहिल्यांत ओळख आहे, दुसऱ्यांत निंदा आहे. बालकास नांव देतात तें त्याला हांक मारतां यावी म्हणून. शेजाऱ्यास नांवें ठेवितात तीं बहुधा त्याच्याशीं बोलावें लागूं नये म्हणून. हा भेद मनुष्यास जसा लागू आहे तसाच तो मनुष्याच्या कलांसहि लागू आहे. तो स्पष्ट करण्यासाठीं प्रस्तुत लेखांत असा एक विषय घेतला आहे कीं, ज्याचा उच्चार होतांच आमच्या विद्यार्थ्यांचे कान टवकारतात आणि त्यांच्या पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. तो विषय म्हणजे यंत्रांच्या साह्यानें रचलेलें आधुनिक नृत्यसंगीत आणि त्याच्या पोटांत दिवसेंदिवस वाढत चाललेलीं नांवें.

मधल्या सुटींत वरच्या वर्गांतील मुलांचें बोलणें सहज कानीं पडतें. एक म्हणतो, हें हाउस नव्हे, टेक्नो आहे. दुसरा सांगतो, ट्रान्स ऐकणारास संगीतांतलें कांहींच कळत नाहीं. तिसरा दोघांनाहि गप्प करण्यासाठीं म्हणतो, नांवांचा हा खटाटोप हवाच कशाला? संगीताचे प्रकार दोनच, चांगलें आणि वाईट. पालकांचें मत याहूनहि सोपें असतें. त्यांच्या दृष्टीनें हा सर्व गोंगाटच, आणि गोंगाटांत पोटभेद ते कसले! या चौघांच्या म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे. परंतु चौघांचाहि निकाल घाईचा आहे. म्हणून या उपप्रकारांच्या नांवांचा खरोखर उपयोग आहे काय, व असल्यास कोणत्या मर्यादेंत, याचा आपण थोडा शांतपणें विचार करूं.

प्रथम पालकांसाठीं अल्प ओळख करून देणें अवश्य आहे. या संगीतांत वादकाच्या जागीं बहुधा यंत्र असतें. एक यंत्र ठेका धरतें, दुसरें खर्जाचे स्वर काढतें, तिसऱ्यांतून सुरांचे थर चढत जातात. यांत मुख्य महत्त्व ठेक्याचें. ‘हाउस’ नामक प्रकारांत चार मात्रांच्या आवर्तनांत चारहि मात्रांवर मोठ्या ढोलाचा सारखा ठोका पडतो आणि मिनिटास साधारणतः १२० ते १३० ठोके होतात. ‘ड्रम अँड बेस’ या प्रकाराची लय १६० ते १८० पर्यंत जाते, आणि तेथें ठेका सरळ पावलें न टाकतां तुटक, उड्या मारीत चालतो. ‘डबस्टेप’ची लय मिनिटास सुमारें १४० असते, तथापि त्यांतील मुख्य टाळी इतक्या अंतरानें पडते कीं, ऐकणारास ती लय निम्मीच भासते. आपले गवई विलंबित, मध्य व द्रुत असा जो भेद करितात, त्याच जातीचा हा भेद आहे. ज्यांना हा सर्व एकच गोंगाट वाटतो, त्यांनीं हे तीन ठेके एकामागून एक ऐकावे आणि बोटांनीं टेबलावर धरून पाहावे. ते आवडतीलच असें नाहीं. परंतु ते तीन आहेत याविषयीं शंका उरणार नाहीं.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाहीं. नृत्यसभेंत तबकड्या लावणारा जो माणूस, त्यास डीजे म्हणतात. महाराष्ट्रांत मिरवणुकींतील भोंग्यांच्या भिंतीसच डीजे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. माणसाचें नांव यंत्रास चिकटल्याचें हें एक मौजेचें उदाहरण होय. असो. या माणसाचें कसब असें कीं, एक गाणें संपण्यापूर्वींच दुसरें त्यांत मिसळावें आणि नाचणारांचीं पावलें थबकूं नयेत. त्यासाठीं दोन्ही गाण्यांची लय व चाल जुळावी लागते. शेंकडों गाण्यांतून जुळणारें गाणें क्षणांत काढावयाचें तर तीं कोठें तरी खणांखणांतून लावून ठेवलेलीं असलीं पाहिजेत. आपल्या शाळेच्या ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी असते, तीच योग्यता या नांवांची. चिठ्ठी वाचून कोणी पुस्तक वाचल्याचा आव आणीत नाहीं, परंतु चिठ्ठीवांचून पुस्तक सांपडतहि नाहीं.

आतां हीं नांवें पडलीं कशीं, तें पाहूं. अमेरिकेंतील शिकागो शहरांत १९७७ सालीं ‘वेअरहाउस’ नांवाचें एक नृत्यगृह उघडलें. तेथें न्यू यॉर्कहून आलेले फ्रँकी नकल्स हे तबकड्या लावीत असत. येणारे लोक बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे, आणि त्यांतहि समलिंगी; म्हणजे ज्यांस इतरत्र मोकळेपणानें वावरावयास जागा नव्हती असे. त्या घराच्या नांवाचा उत्तरार्ध तेवढा उरला आणि ‘हाउस’ हें नांव रूढ झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. म्हणजे मुळांत हें नांव एखाद्या गुणाचें नव्हे, तर ठिकाणाचें होय. आपण नागपुरी संत्रें म्हणतों किंवा पैठणी म्हणतों, तसेंच हें.

डेट्रॉइट शहराची कथा याहून बोधप्रद आहे. त्या शहराजवळील बेलव्हिल येथील शाळेंत शिकलेल्या हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डर्सन या तीन तरुणांनीं यंत्रसंगीताची आपली निराळी शैली बसविली. १९८८ सालीं इंग्लंडमधील एका कंपनीनें त्यांच्या व त्यांच्या मित्रांच्या गाण्यांचा संग्रह काढण्याचें ठरविलें. तेव्हां शिकागोच्या हाउसची चलती होती, म्हणून या संग्रहासहि ‘डेट्रॉइटचें हाउस’ अशा अर्थाचें नांव देण्याचा बेत होता. परंतु अ‍ॅटकिन्स यांच्या एका गाण्याच्या नांवांत ‘टेक्नो’ हा शब्द होता. ग्रंथकार अ‍ॅल्विन टॉफ्लर यांच्या १९८० सालच्या ‘द थर्ड वेव्ह’ या पुस्तकावरून त्यांच्या मनांत तो शब्द घोळत होता. अखेर तोच शब्द संग्रहाच्या मुखपृष्ठावर झळकला आणि एका शैलीस स्वतंत्र नांव मिळालें. आतां यास दुकानदारीची युक्ति म्हणावें, कीं कलावंतांचा स्वाभिमान म्हणावा? दोन्ही म्हणावें लागेल. विकणारास नवी चिठ्ठी हवी होती हें खरें. परंतु शिकागोच्या पदराखालीं न राहतां आपल्या शहराच्या नांवानें उभें राहण्याची संधिहि त्या तरुणांना त्याच चिठ्ठीनें दिली.

येथें नांवांच्या विरोधकांचा पक्ष नीट ऐकून घेतला पाहिजे, कारण तो दुबळा नाहीं. त्यांचा पहिला आक्षेप संख्येचा. केनेथ टेलर या गृहस्थांनीं ‘इश्कर’ या टोपणनांवानें या संगीताचा जो प्रचंड नकाशा तयार केला, त्याच्या २०१९ सालच्या आवृत्तींत दीडशेंहून अधिक प्रकार दाखविले आहेत, आणि प्रत्येकाच्या वर्णनांत थट्टेचा सढळ उपयोग आहे. हा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाहीं. आंब्याच्या जाती कोंकणांतील शेतकऱ्यास पुष्कळ ठाऊक असतात. परक्यास हापूस व पायरी पुरतात. ज्याचें ज्या गोष्टींत आयुष्य जातें, त्यास तिच्यांतील बारकावे दिसतात, आणि दिसणाऱ्या गोष्टीस तो नांव देतो.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे व तो अधिक खरा आहे. डीजेंना गाणीं विकणारें ‘बीटपोर्ट’ हें मोठें दुकान आहे. त्यानें २०२० सालीं टेक्नोचे दोन खण केले. एक रात्रीच्या ऐन भराच्या, धांवत्या टेक्नोचा, व दुसरा कच्च्या, खोल, गुंगविणाऱ्या टेक्नोचा. गिऱ्हाइकाची सोय झाली यांत संशय नाहीं. परंतु एकदां खण ठरला कीं, खणांत मावेल असेंच गाणें रचण्याचा मोह कलावंतास होतो. शिंप्यानें अंगावरून माप घेण्याऐवजीं मापावरून अंग बेतण्यासारखा हा प्रकार आहे. नांव ही कलेच्या मागून येणारी दासी. तिनें पुढें चालून धन्यास वाट दाखवूं लागणें हें अनर्थाचें लक्षण होय.

तिसरा आक्षेप अहंकाराचा. १९९२ सालीं इंग्लंडांतील ‘वॉर्प’ या कंपनीनें ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या नांवाचा, घरीं बसून ऐकावयाच्या यंत्रसंगीताचा संग्रह काढला. त्यापुढील एकदोन वर्षांत श्रोत्यांमध्यें ‘इंटेलिजन्ट डान्स म्यूझिक’, म्हणजे बुद्धिमान नृत्यसंगीत, असें नांव प्रचारांत आलें. याचा अर्थ उघड होता कीं, उरलेलें नृत्यसंगीत निर्बुद्धांचें! ज्यांचें संगीत या नांवाखालीं विकलें जात होतें, त्या ‘एफेक्स ट्विन’ म्हणजेच रिचर्ड जेम्स यांनींच या नांवाची टर उडविली व इतरांच्या संगीताचा त्यांत अपमान होतो असें बोलून दाखविलें. हाउस हें ठिकाण सांगतें, ड्रम अँड बेस हें वाद्यें सांगतें. हें तिसरें नांव मात्र केवळ ऐकणाराची फुशारकी सांगतें. ‘नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण अशा नांवांसाठींच जन्मली असावी. येथें नांव देणें संपलें आणि नांवें ठेवणें सुरू झालें.

चौथा आक्षेप आपल्या अगदीं जवळचा आहे. ‘गोवा ट्रान्स’ हें नांव आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं ऐकलें असेल. बार्देश तालुक्यांतील हणजूण, म्हणजे परदेशीयांचें अंजुना, या गांवीं १९७० च्या दशकापासून युरोप-अमेरिकेंतील भटक्या तरुणांच्या समुद्रकांठीं रात्ररात्र नृत्यसभा होत. पुढें तेथें यंत्रसंगीत आलें आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास त्या सभांच्या वातावरणावर बेतलेल्या वेगवान, स्वरांच्या वेटोळ्यांनीं भरलेल्या शैलीस युरोपांतील कंपन्यांनीं ‘गोवा ट्रान्स’ म्हणून जगभर विकलें. रचणारे बहुतेक इंग्रज, जर्मन, इस्रायली व इतर परदेशीय. २००० सालीं लंडन येथें निघालेल्या एका कंपनीनें तर ‘अंजुनाबीट्स’ असें गांवाचें नांवच उचललें. परंतु गोंयकाराचा मांडो, दुलपद, किंवा तियात्रांतील कांतार यांचा या संगीताशीं कांहीं संबंध आहे काय? मुळींच नाहीं. परदेशांतील श्रोत्याच्या मनांत गोवा म्हणजे तो ठेका. आणि ज्या गांवाचें नांव घेतलें, त्या गांवाचें स्वतःचें गाणें त्याच्या कानावर कधीं आलेंच नाहीं. नांव खोटें नाहीं, कारण जागा खरी आहे. पण तें अर्धेंच खरें आहे. तें कोठें नाचले एवढें सांगतें; कोणाच्या अंगणांत नाचले तें सांगत नाहीं.

इतके आक्षेप वाचून एखादा विद्यार्थी म्हणेल, मग नांवें टाकूनच द्यावीं हें उत्तम. त्यानें पुढील एक उदाहरण ध्यानांत घ्यावें. मुंबईंत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजीत सिंग नांवाचे एक वादक होते. १९८२ सालीं त्यांची ‘सिन्थेसायझिंग: टेन रागाज् टू अ डिस्को बीट’ ही तबकडी निघाली. भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनीं जपानी कंपनी रोलँड हिच्या यंत्रांवर वाजविले. त्यांत खर्जाचे स्वर काढणारें ‘टीबी-३०३’ व ठेका धरणारें ‘टीआर-८०८’ हीं यंत्रें होतीं. तबकडी फारशी कोणीं घेतली नाहीं. पुढें १९८७ सालीं शिकागोच्या ‘फ्यूचर’ या मंडळीनें त्याच टीबी-३०३ यंत्राच्या कळा फिरवून एक किंचाळणारा, वळवळणारा आवाज काढला व त्यांच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या तबकडीपासून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा उपप्रकार प्रसिद्धीस आला. २०१० सालीं सिंग यांची तबकडी पुन्हां छापली गेली, तेव्हां जगांतील रसिक थक्क झाले. पांच वर्षें आधीं, मुंबईंत, हाच आवाज!

आतां पाहा, सिंग यांना अ‍ॅसिड हाउस हा शब्द १९८२ सालीं ठाऊक असणें शक्यच नव्हतें. तो अस्तित्वांतच नव्हता. तरीहि ज्या खणांत रसिक शोधीत होते त्या खणाचें नांव ठरलेलें होतें, म्हणूनच ही विसरलेली तबकडी त्यांस आपल्या ओळखीची वाटली आणि एका वृद्ध वादकास मृत्यूपूर्वीं मान मिळाला. २०१५ सालीं ते वारले. हा नांवाचा उपकार झाला. पण त्याच नांवानें एक अन्यायहि केला. पुष्कळांनीं ती तबकडी अ‍ॅसिड हाउसची पूर्वज म्हणूनच ऐकली. ती मालकंस म्हणून, यमन म्हणून किती जणांनीं ऐकली? सिंग यांनीं तर स्वतः तबकडीवर नांवें छापलीं होतीं, आणि तीं रागांचीं होतीं. दार उघडण्यास एक नांव उपयोगी पडलें. आंत गेल्यावर दुसरें नांव वाचावयास हवें होतें.

रागांची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक दाखला देतों. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पांच आहेत: सा, रे, ग, प, ध. कागदावर मांडले तर फरक दिसत नाहीं. परंतु भूप सायंकाळनंतर गातात, त्यांत गंधारावर भर. देशकार सकाळीं गातात, त्यांत धैवतावर भर. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं रागांची दहा थाटांत जी वांटणी केली, तींत हे दोन राग दोन निराळ्या थाटांत पडतात. भूप कल्याणांत व देशकार बिलावलांत. त्या वांटणीवर आक्षेप पुष्कळ निघाले. कित्येक राग तींत नीट बसत नाहींत असें जाणते सांगतात. तरी संगीत शिकणारीं मुलें आजहि तिचाच आधार घेतात, कारण नांव माहीत झाल्यावर कान तो भेद शोधूं लागतो. जोंवर ‘देशकार’ हा शब्द ठाऊक नाहीं तोंवर श्रोत्यास तो भूपच वाटतो. हाच नियम यंत्रसंगीतास लागू आहे. चांगलें नांव हें कानास दिलेलें काम असतें: येथें ऐक, या जागीं लक्ष दे, असें तें सांगतें.

परंतु नांवांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा सोयीचा नाहीं, न्यायाचा आहे. जेथें बारीक भेद नाहींसे होतात व एकच ढोबळ शिक्का उरतो, तेथें काय घडतें याचीं दोन उदाहरणें इतिहासांत आहेत. १२ जुलै १९७९ रोजीं शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एक समारंभ झाला. नभोवाणीवरील स्टीव्ह डाल या निवेदकानें लोकांस आवाहन केलें होतें कीं, डिस्को संगीताची एक तबकडी आणा व ९८ सेंटांत आंत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत सर्व तबकड्या सुरुंगानें उडवूं. हजारों लोक जमले, तबकड्या उडविल्या, जमाव मैदानांत घुसला, आणि पुढील सामना खेळतां आला नाहीं. तेथें कामावर असलेल्या विन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणानें पुढें सांगितलें कीं, आणलेल्या तबकड्यांत डिस्को नसलेल्या, पण कृष्णवर्णीय गायकांच्या अशा पुष्कळ होत्या. लोकांस डिस्को म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें, किंवा ठाऊक करून घ्यावयाचें नव्हतें. ‘आम्हांस न आवडणारे लोक’ एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरला होता. याच लॉरेन्स यांनीं १९८४ सालीं जेसी सॉन्डर्स यांच्यासमवेत ‘ऑन अँड ऑन’ हें गाणें रचलें. हाउस प्रकाराच्या अगदीं पहिल्या तबकड्यांत त्याची गणना होते. ज्या शहरांत एक नांव जाळलें गेलें, त्याच शहरांत दुसरें नांव जन्मास आलें.

दुसरें उदाहरण इंग्लंडचें. मे १९९२ मध्यें कॅसलमॉर्टन येथील माळरानावर हजारों तरुणांचा कित्येक दिवस चाललेला नृत्यमेळा भरला व त्यावरून मोठा गहजब झाला. रहिवाशांची तक्रार अगदींच खोटी नव्हती; रात्रंदिवस चाललेल्या आवाजानें कोणीहि त्रासेल. परंतु १९९४ सालीं पार्लमेंटनें जो कायदा केला, त्यांत रात्रीच्या उघड्यावरील मेळ्यांस आळा घालतांना संगीताची व्याख्या करण्याची पाळी आली. तेव्हां मुख्यतः एकामागून एक येणाऱ्या पुनरावृत्त ठोक्यांनीं ओळखला जाणारा ध्वनि, अशा आशयाचे शब्द कायद्यांत घातले गेले. पुनरावृत्त ठोके तर आमच्या लेझमींतहि असतात! ‘ऑटेकर’ या जोडीनें त्याच सुमारास एक तबकडी काढली. तींतील एका गाण्यांत कोणतींहि दोन आवर्तनें सारखीं नव्हतीं, आणि हें गाणें वाजवितांना जवळ एक वकील व एक संगीतज्ञ ठेवावा, असा विनोदी सल्ला वेष्टनावर दिला होता. विनोद बाजूस ठेवूं. तात्पर्य असें कीं, ज्या गोष्टीस तिच्या माणसांनीं दिलेलीं नांवें आपण शिकत नाहीं, तिला आपण बाहेरून एक नांव देतों, आणि तें नांव बहुधा आरोपपत्रावर लिहिण्याजोगें असतें.

आपल्याकडेहि असेंच होतें. २००७ सालीं गोव्यांत सुरू झालेला ‘सनबर्न’ महोत्सव २०१६ सालीं पुण्याजवळ भरला, तेव्हां घरोघरीं ‘ईडीएम’ हा तीन अक्षरी शब्द पोहोंचला. मुलांनीं तो डोक्यावर घेतला, वडील मंडळींनीं त्यास नाकें मुरडलीं. त्या शब्दाखालीं शिकागोचें हाउस, डेट्रॉइटचें टेक्नो, लंडनचें ड्रम अँड बेस हीं सर्व एका पोत्यांत बांधलीं गेलीं. रात्रीचा अतिरेक, मादक पदार्थ व कर्णकर्कश आवाज यांविषयीं पालकांस वाटणारी चिंता योग्यच आहे व ती विद्यार्थ्यांनीं हंसण्यावारी नेऊं नये. परंतु चिंता कशाची आहे तें नेमकें सांगितल्यास मुलगा ऐकतो. सगळ्याच संगीतास एक शिवी दिल्यास तो कानांत बोंडलीं घालून निघून जातो.

तथापि नांवांची बाजू घेतांना एक गोष्ट विसरूं नये. उपप्रकाराचें नांव कितीहि नेमकें असलें तरी तें माणसाच्या नांवाची जागा घेऊं शकत नाहीं. १९६९ सालीं अमेरिकेंतील ‘द विन्स्टन्स’ या वाद्यवृंदानें एका तबकडीच्या मागच्या बाजूस ‘आमेन, ब्रदर’ हें गाणें वाजविलें. कृष्णवर्णीय मंडळींच्या ‘आमेन’ या भक्तिगीताच्या चालीवर तें बेतलेलें होतें. त्यांत मध्येंच इतर वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हे एकटे चार आवर्तनें ढोल वाजवितात. सारें सहासात सेकंदांचें काम! पुढें यंत्रावर हा तुकडा कापून, वेग वाढवून, उलटासुलटा जोडून लंडनच्या तरुणांनीं १९९० च्या दशकाच्या आरंभीं ‘जंगल’ नामक प्रकार उभा केला, आणि ड्रम अँड बेस त्यांतूनच निघालें. हजारों गाण्यांत तो तुकडा आहे. कोलमन २००६ सालीं वारले; त्या तुकड्याबद्दल त्यांस एक पैहि मिळाली नाहीं. २०१५ सालीं चाहत्यांनीं वर्गणी काढून सुमारें २४,००० पौंड वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांस अर्पण केले. कोलमन यांस तें पाहावयास मिळालें नाहीं. जंगल कशास म्हणावें व ड्रम अँड बेस कशास, यावर तासन् तास वाद घालणारांपैकीं कित्येकांस त्या ढोलवाल्याचें नांव ठाऊक नसतें. वर्गाचें नांव पाठ आहे व वर्गांतल्या मुलाचें नाहीं, अशा शिक्षकास आपण काय म्हणूं?

विद्यार्थिमित्रहो, या सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत सांगतां येईल. नांव ऐकल्यावर तुमचा कान उघडला, तर तें नांव जवळ ठेवा. नांव ऐकल्यावर कान मिटला, तर तें फेंकून द्या. कोणी नवें नांव सांगितलें तर वाद घालण्यापूर्वीं त्यास विचारा कीं, हें नांव कोठून आलें, तें कोणीं दिलें, आणि या गाण्यांत मी नेमकें काय ऐकावें असें तें सांगतें. तिन्ही प्रश्नांचें उत्तर मिळालें तर तुम्ही एक शहर, कांहीं माणसें व एक ठेका शिकलांत. हें शिक्षणच होय. उत्तर म्हणून केवळ ‘आमचें तुमच्यापेक्षां वरचें आहे’ एवढेंच आलें, तर तें नांव नसून नांवें ठेवणें आहे असें समजा. जो मित्र तुमच्या आवडीचें संगीत ऐकत नाहीं, त्याच्याकडे त्याच्या आवडीचें एक गाणें मागा आणि तें शेवटपर्यंत ऐका.

पालकांस नम्र विनंति अशी कीं, घरांतून येणारा आवाज असह्य झाला म्हणजे तो कमी करावयास अवश्य सांगावें. तो तुमचा अधिकार आहे. परंतु त्यानंतर एकदां मुलास जवळ बसवून, हें काय आहे, यास काय म्हणतात, असेंहि विचारून पाहावें. तो पांच मिनिटें हाउस व टेक्नो यांतील भेद सांगत बसेल, आणि तुम्हांस कदाचित् तो पटणारहि नाहीं. मात्र त्या पांच मिनिटांत तो स्वतःविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाईल. आणि ज्याचें म्हणणें ऐकून घेतलें जातें, तो मुलगा दुसऱ्याचें ऐकावयासहि शिकतो.